एका टॉवरवर दोन डिश, तोंडं वेगळ्या दिशांना, तरी दोन्ही लिंक एकदम चालत नाहीत. जास्त पॉवरचा रेडिओ घेऊ का?

नका घेऊ. हा सल्ला ज्याने दिला त्याला आधी टॉवरवर चढवा.

पाटणच्या पठारावर दाजींचा नि माझा भागीदारीत टॉवर आहे, खालच्या गावांना नेट देतो. एक डिश 12 किलोमीटरवरच्या गावाकडे, दुसरी जवळजवळ उलट्या तोंडाची. एकेकटी लिंक झकास. दोन्ही सुरू केल्या की दोन्ही गावांतून फोन. दाजींचं एकच, "डिशचं तोंड तिकडं हाय, हिचा तिला त्रास व्हईलच कसा? पॉवर कमी पडतीय." वाढवली त्यांनी टॉवरवरची. दुसऱ्या गावाचं नेट पार झोपलं, तेही सोसायटीच्या निकालादिवशी. शिव्या मला.

अहो, डिश बाजूला नि मागेही सिग्नल सांडतेच. 5.8 गिगाहर्ट्झवर 12 किलोमीटरवरून येणारा सिग्नल उणे 68 डीबीएमच्या आसपास (डीबीएम म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं माप, उण्यातला आकडा लहान तितका सिग्नल मोठा). दोन मीटरवरच्या शेजारणीचं सांडलेलं सहज उणे 45. दोनशे पट! दोघी एकदम बोलल्या तर चालतं, एकदम ऐकल्या तरी चालतं. एक बोलतेय नि दुसरी ऐकतेय, तिथे मार खातो. साधं वायफाय हे जुळवत नाही, उलट शेजारीण बोलतेय म्हणून स्वतः गप्प बसतं. आयआयटी कानपूरच्या भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी 2005 सालीच टॉवरवरच्या सगळ्या लिंक एकदम बोलतील, एकदम ऐकतील अशी पद्धत मांडली. आज जीपीएस सिंकचे, म्हणजे उपग्रहाच्या घड्याळावर एकमेकांशी वेळ जुळवणारे रेडिओ हेच करतात. मात्र दोन्ही लिंकला एकाच कंपनीचे घ्या, वेळापत्रकही एकच ठेवा.

तेवढा खर्च नको असेल तर चॅनल लांबचे निवडा, शेजारशेजारचे नकोत. एक डिश बरीच खाली उतरवा. एका डिशच्या लहरी उभ्या, दुसरीच्या आडव्या ठेवायची जुनी युक्ती विसरा, आताचे रेडिओ दोन्ही वापरतात.

मी चॅनल लांब नेला, डिश उतरवली, टॉवरवरची पॉवर कमी केली. चाललं. दाजी म्हणतात, पावसाळा सरला म्हणून. 5 गिगाहर्ट्झला पावसाचं काय पडलंय?

हां, आधी स्कॅन करून बघा, त्रास परक्याच्या टॉवरचाही असू शकतो. आणि गावाकडच्या टोकाची पॉवर वाढवली तर टॉवरला खरंच नीट ऐकू येतं, डिश धरून 36 डीबीएमच्या सरकारी मर्यादेत वाढवा खुशाल. गावाकडच्या, दाजी. पठारावरच्या नव्हे.