बझर, भूप आणि गॅलियम : प्रश्नमंजूषेच्या आयोजकांचे प्रश्न

गणपती जवळ आले की मंडळांची पत्रे येतात आणि दिवाळीनंतर स्नेहसंमेलनांची. यंदा दोन्ही एकदमच आली, आणि बहुतेकांचा विषय एकच : खेळ, संगीत आणि विज्ञान यांवरची प्रश्नमंजूषा. निवडक पत्रांना उत्तरे देत आहोत.

सामान्य तापमानाला द्रवरूप असणारा धातू कोणता, असे विचारले. आमच्या उत्तरपत्रिकेत ‘पारा’ होते. एका संघाने ‘गॅलियम’ सांगितले आणि आम्ही ते चूक ठरवले. आता पालक ऐकायला तयार नाहीत. कोण बरोबर?
— विज्ञान शिक्षिका, चोपडा

तुमचा कार्यक्रम एप्रिलमध्ये झाला असेल तर पालकांची बाजू भक्कम आहे. पुस्तकातले ‘सामान्य तापमान’ साधारण २० ते २५ अंश सेल्सिअस धरतात आणि तिथे द्रवरूप धातू पाराच. पण गॅलियम २९.७६ अंशांना वितळते आणि सिझियम २८.५ अंशांना. पारा चाळिशीपार गेलेल्या दिवशी चोपड्याच्या पत्र्याच्या सभागृहात बशीत गॅलियम ठेवले, तर ते पाण्यासारखे पसरेल. तळहातावरसुद्धा ते वितळते. त्या संघाला गुण द्या आणि पुढच्या वेळी प्रश्न असा लिहा : ‘पाणी गोठते त्या तापमानालाही द्रवच राहणारे धातू मूलद्रव्य कोणते?’ पारा उणे ३८.८ अंशांच्या आसपास गोठतो, त्यामुळे इथे दुसरे उत्तर शिरू शकत नाही. ‘मूलद्रव्य’ हा शब्द गाळू नका. सोडियम-पोटॅशियमचे एक मिश्रधातूही शून्याखाली द्रव असते. आणि ‘धातू’ हा शब्द गाळलात तर ब्रोमिन आलेच.

‘पाणी किती अंशांना उकळते?’ हा प्रश्नही असाच अर्धा आहे. १०० अंश हे समुद्रसपाटीचे उत्तर. दर ३०० मीटर उंचीमागे उत्कलनबिंदू अंदाजे एका अंशाने उतरतो. तोरणमाळ ११०० मीटरच्या वर आहे, तिथे चहाचे आधण ९६ अंशांच्या आसपासच उकळते. ध्वनीच्या वेगाचेही तेच. ३४३ मीटर प्रति सेकंद हा आकडा २० अंशांच्या कोरड्या हवेचा. दर अंशाला वेग सुमारे ०.६ मीटरने वाढतो, म्हणजे मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी तो ३५८ च्या घरात जातो. विज्ञानाच्या प्रश्नात अट लिहायला चार शब्द जास्त लागतात, ते लागू द्यावेत.

‘भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?’ आणि ‘ऑलिंपिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिले?’ या दोन प्रश्नांवर आमच्याकडे दरवर्षी भांडण होते.
— क्रीडा मंडळ, पारोळा

पहिला प्रश्न काढूनच टाका. कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून अधिकृतपणे घोषित केलेला नाही, असे केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१२ साली माहिती अधिकाराखालील उत्तरात सांगितले आहे. जुन्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून ‘हॉकी’ अजून गेलेले नाही, म्हणून भांडण.

दुसऱ्यात ‘स्वतंत्र’ हा एक शब्द हवा. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. पण १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांची २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळा शर्यत अशी दोन रौप्यपदके भारताच्या नावावर नोंदली आहेत. आणि ‘पहिले वैयक्तिक सुवर्ण’ म्हणाल तर तिसरेच नाव येते : अभिनव बिंद्रा, २००८, बीजिंग.

खेळांच्या आकड्यांत पुरुष की महिला आणि कोणत्या नियमांचा सामना, हे लिहिल्याशिवाय प्रश्न वाचूच नये. कबड्डीचे मैदान पुरुषांसाठी १३ × १० मीटर, महिलांसाठी १२ × ८. पारंपरिक खो-खोत एका वेळी ९ जण खेळतात, ‘अल्टिमेट खो-खो’ या लीगमध्ये ७. नीरज चोप्राने सुवर्ण जिंकले ते ‘टोकियो २०२०’मध्ये, पण तारीख होती ७ ऑगस्ट २०२१. ‘कोणत्या साली?’ असे विचारलेत तर दोन्ही उत्तरांना गुण द्यावे लागतील.

शनीला उपग्रह किती?
— विद्यार्थी, साक्री

मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाली आणि संख्या २७४ झाली. त्याआधी १४६ होती. म्हणून प्रश्नातच ‘मार्च २०२५ च्या घोषणेनुसार’ असे लिहावे. बदलणाऱ्या आकड्यांच्या प्रश्नांना तारीख नसेल तर कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ते सगळे पुन्हा तपासावे लागतात.

संगीत फेरीत पेटीवर सा रे ग प ध सां वाजवून राग ओळखायला सांगितला. एक संघ ‘भूप’ म्हणाला, दुसरा ‘देशकार’. परीक्षकांचेही एकमत होईना.
— तबला वर्गाचे चालक, अमळनेर

दोघेही बरोबर. आणि तिसऱ्या संघाने ‘शुद्ध कल्याण’ म्हटले असते, तर नुसत्या आरोहावरून त्यालाही चूक म्हणता आले नसते. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच, म आणि नि दोन्हींत वर्ज्य. फरक चलनात, म्हणजे रागात स्वर फिरवण्याच्या रीतीत आहे. भूप कल्याण थाटातला, वादी (मुख्य स्वर) गंधार, रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा. देशकार बिलावल थाटातला, वादी धैवत, सकाळचा, आणि त्याचा सगळा जोर उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात. शुद्ध कल्याणाचा आरोह भूपासारखाच, मात्र उतरताना नि आणि तीव्र मध्यम मींडेतून (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाताना) डोकावतात. पेटीवर मींड निघत नाही. त्यामुळे सरळ सप्तक वाजवून राग विचारणे म्हणजे नुसती अक्षरे देऊन कविता ओळखायला सांगणे. एक तर गाणाऱ्याकडून २०-२५ सेकंदांचे चलन गाऊन घ्या, किंवा प्रश्न शब्दांत घाला : ‘म, नि वर्ज्य आणि धैवत वादी असलेला बिलावल थाटातला राग कोणता?’ मारवा, पूरिया आणि सोहनी या त्रिकुटाचेही हेच दुखणे आहे, तेव्हा तिथेही जपून.

तालाच्या प्रश्नांत मात्रा विचारून थांबू नका. ‘१४ मात्रांचा ताल’ म्हटले की धमार, झुमरा, दीपचंदी, आडा चौताल असे चार ताल रांगेत उभे राहतात. दहाला झपताल आणि सूलताल, सोळाला त्रिताल आणि तिलवाडा. सात मात्रांनाही रूपकाखेरीज पखवाजावरचा तीव्रा आहे. पण ‘सात मात्रा आणि समेवरच (पहिल्या मात्रेवर) खाली (टाळीऐवजी रिकामा हात)’ म्हटले की रूपकच. ‘सा ची कंपनसंख्या किती?’ हा प्रश्न बाद, कारण सा गाणाऱ्यागणिक बदलतो. कुणाचा पेटीवरची काळी एक, कुणाचा पांढरी चार. त्याऐवजी ‘मध्य सा २४० हर्ट्झ असेल तर तार सा किती?’ असे विचारा. दुप्पट, ४८०.

विज्ञान आणि संगीत जोडणारा एक चांगला प्रश्न तुमच्या वर्गातच पडून आहे. तबल्याच्या पुडीवर शाई (मधला काळा गोल) कशासाठी? साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) एकमेकांशी पूर्णांकाच्या प्रमाणात नसतात, म्हणून ढोलाला ठरावीक स्वर ऐकू येत नाही. मध्यावरच्या शाईच्या वजनाने ते उपस्वर जवळजवळ पूर्णांकी होतात आणि तबला सुरात लावता येतो. मृदंग आणि तबल्याचा हा गुण सी. व्ही. रामन यांनी १९२० साली मांडला, म्हणजे रामन परिणामाच्या आठ वर्षे आधी. आणखी एक : लता मंगेशकर यांचे जन्मस्थळ विचाराल तर उत्तर इंदूर. तापीकाठचे थाळनेर हे त्यांचे आजोळ, ते वेगळ्या प्रश्नात घ्या.

चार संघांसाठी घरगुती बझर केला. पहिल्याने दाबल्यावर बाकीचे बंद पडायला हवेत, पण कधीकधी दोन दिवे लागतात. रिले वापरले आहेत.
— मंडळाचे कार्यकर्ते, भुसावळ

दोष बहुधा रिलेत नाही. पहिला संघ बटण दाबून धरतो तिथे तो आहे. आधी जोडणी पाहा. १२ व्होल्टचे डबल चेंजओव्हर रिले (विजेने हलणारे, दोन पोलचे स्विच) चार. अडॅप्टरचा धन आधी ‘नेहमी जोडलेल्या’ रिसेट बटणातून घ्या. तिथून एक फाटा चारही रिलेंच्या एका पोलच्या एन.सी. (नेहमी जोडलेल्या) संपर्कांतून एकापाठोपाठ फिरवून चार बटणांच्या सामाईक तारेला द्या. प्रत्येक बटणाची दुसरी बाजू आपापल्या रिलेच्या कॉइलला. रिसेटनंतरचा दुसरा फाटा प्रत्येक रिलेच्या दुसऱ्या पोलच्या एन.ओ. (नेहमी सुट्या) संपर्कातून त्याच्याच कॉइलला. आता एक रिले खेचला की त्याचा एन.सी. सुटतो, बटणांची तार मरते आणि तो स्वतः एन.ओ.वर धरून राहतो.

गोम अशी की पहिल्या संघाचे बोट बटणावरच असेल, तर कॉइलवरचे १२ व्होल्ट त्या बटणातून उलटे सामाईक तारेत येतात. तार पुन्हा जिवंत होते आणि दुसऱ्याने दाबले की त्याचाही रिले धरतो. उपाय : प्रत्येक बटण आणि त्याची कॉइल यांच्यामध्ये १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू कॉइलकडे. चार डायोड, खर्च किरकोळ.

रिले धरण्याऐवजी टर्र्र वाजत असेल तर कारण वेगळे. एन.सी. आधी सुटतो आणि एन.ओ. काही मिलिसेकंदांनी लागतो. मधल्या वेळात कॉइलला वीज नसते. प्रत्येक कॉइलला समांतर १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा, ध्रुव पाहून. कॉइलला उलटा समांतर डायोडही हवाच. चौघांना एकच भोंगा असेल तर तोही प्रत्येक कॉइलपासून वेगळ्या डायोडमधून जोडा, नाहीतर भोंग्याच्या तारेतून चारही कॉइल एकमेकींना जोडल्या जातील. असे एकूण बारा डायोड. दिवे १२ व्होल्टचे एलईडीच घ्या. जुना गाडीचा बल्ब कपॅसिटर क्षणात रिकामा करतो. १ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो. रिसेट अर्धा सेकंद दाबून सोडा आणि तोवर सगळ्यांची बोटे वर.

मोबाइलवरून गाणे लावले तर स्पीकरवर वाद्ये ऐकू येतात, गायिकेचा आवाज जवळजवळ गायब! ओळखायचे तिलाच होते.
— ग्रंथालय कार्यकर्ते, शिरपूर

मोबाइलची स्टिरिओ पिन मिक्सरच्या माइकच्या बॅलन्स्ड चॅनेलमध्ये घातली आहे. तो चॅनेल दोन तारांतला फरक घेतो, म्हणजे डाव्यातून उजवा वजा होतो. गायकाचा आवाज दोन्हींत सारखा असतो, तोच कापला जातो. पिन स्टिरिओ चॅनेलला लावा, किंवा दोन टोकांची तार घेऊन फक्त डावे टोक जोडा. ब्लूटूथ टाळा. शांततेत स्पीकर झोपतो आणि पहिले अक्षर खातो. पर्यायच नसेल तर तुकड्याच्या आधी दोन सेकंद हलकी खरखर ठेवा. तुकडा ८ ते १२ सेकंदांचा, एकदाच पुन्हा ऐकवायचा.

‘पास’च्या फेरीत आमच्या शेजारचा संघ दरवर्षी जिंकतो, असे मुले म्हणतात. खरेच असे होते का?
— शिक्षक, शहादे

होते. प्रश्न क, ख, ग, घ अशा ठरल्या क्रमाने दिले आणि क कच्चा असेल, तर त्याचे सगळे पास आधी ख ला मिळतात. त्याऐवजी ज्याने उत्तर दिले त्याच्या पुढच्या संघाला पुढचा प्रश्न द्या. क चा प्रश्न ग ने सोडवला तर पुढचा घ ला. पास प्रश्नालाही पूर्ण गुण, आणि निम्म्या फेरीनंतर दिशा उलटी. कुणालाच आले नाही तर पुढचा प्रश्न कोणाला, हे सुरुवातीलाच जाहीर करा. चार संघांना २४ प्रश्न आणि ६ राखीव पुरेत. मूळ संघाला ३० सेकंद, पासवाल्याला १०.

बरोबरी झालीच तर दोघांना कागद द्या आणि एकाच वेळी आकडा लिहायला सांगा : ‘मुलताईपासून समुद्रापर्यंत तापीची लांबी किती किलोमीटर?’ ७२४ च्या जवळचा जिंकला.

केळे हे बेरी आहे, हे खरे का? आमच्याकडे कुणी मानत नाही.
— केळी उत्पादक, रावेर

खरे आहे. एका फुलातल्या अंडाशयापासून बनलेले, आतून मऊ, कठीण बाठा नसलेले फळ म्हणजे वनस्पतिशास्त्रातले मृदुफळ, ज्याला इंग्रजीत बेरी म्हणतात. केळे त्यात बसते, भरताचे वांगेही बसते. स्ट्रॉबेरी बसत नाही. ‘केळीच्या झाडाचे लाकूड कशाच्या उपयोगाचे?’ असा प्रश्न कुणी काढलाच तर सांगा की केळीला लाकूड नसतेच. ते खोड म्हणजे एकात एक गुंडाळलेले पानांच्या देठांचे तळ. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो प्रश्न निर्धास्त घ्या.