कन्व्हेयरवर अडकलेलं खोकं काढायला लाल दोरी ओढली की पुरे का?

कुर्ल्याच्या गोदामात पार्सल सॉर्टिंगला लागलात, आणि खोकं अडकलं की सुपरवायझर ‘दोरी ओढ आणि काढ’ म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. माझं उत्तर: पुरे नाही. ही आणीबाणीत ओढायची दोरी; तिने बेल्ट थांबतो, पण मोटरची वीज तुटली असं धरू नका. दुसऱ्या टोकाला कुणी स्विच रिसेट करून हिरवं बटण दाबलं तर? त्याला तुम्ही दिसतही नाही.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे बेल्ट पुलीवर चढतो ती फट. वेग सेकंदाला अर्धा मीटर धरा, तसा हळूच. दचकून हात मागे घ्यायला पाव सेकंद लागला तरी बेल्ट १२ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे बोटं आत. सैल हातमोजा असेल तर तोच हात ओढून नेतो. गळ्यातलं ओळखपत्रही शर्टात खोचा.

आणि थांबलेला बेल्ट बंद असतोच असं नाही. काही लाइनींवर फोटो सेन्सरसमोर खोकं असलं की मागचे रोलर आपोआप थांबतात. तुम्ही तेच खोकं उचललं की सेन्सर मोकळा होतो आणि रोलर फिरायला लागतात.

म्हणून आधी आयसोलेटर, म्हणजे मशीनची वीज पूर्ण तोडणारा स्विच, बंद, त्यावर आपलं कुलूप, चावी आपल्याच खिशात. दोघं काम करत असाल तर दोन कुलपं. मग स्टार्ट दाबून बघा, काही हललं नाही तरच हात घाला. खोकी बाजूला ढकलणारा, हवेवर चालणारा पुशर असेल तर त्याची हवाही सोडा. चढता बेल्ट मालाच्या वजनाने उलटा सरकू शकतो. पावसाळ्यात ओली खोकी घसरतात तेव्हा मागून हाताने ढकलू नका. पुलीवरचं जाळीचं कव्हर काढून ठेवलेलं असेल तर ते बसेपर्यंत लाइन चालवायची नाही, हे मात्र ठामपणे सांगा.

हात अडकलाच तर मोटर उलटी फिरवू नका, दुसऱ्या बाजूने पुन्हा ओढला जातो. वीज तोडा, १०८ आणि अग्निशमन दलाचा १०१ लावा, टेल पुलीचे (बेल्टच्या मागच्या टोकाच्या पुलीचे) ताणाचे बोल्ट मेन्टेनन्सवाल्याकडून सैल करवा. बोट तुटलं तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही.

ठेकेदाराकडे असाल तरी ईएसआयचा (कामगार राज्य विमा योजनेचा) नंबर आजच मागून घ्या.