२१ शोधनिबंध, की चार?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आमच्या अभिमत विद्यापीठात मानसशास्त्र विभागात सहायक प्राध्यापकाची एक जागा भरायची आहे. क्लिनिकल सायकॉलॉजीत संशोधन करणारं तरुण माणूस हवं आहे. छाननीनंतर खरी चुरस दोघांत उरली आहे. एकाकडे पीएच.डी., नेट-जेआरएफ आणि तब्बल २१ शोधनिबंध. पण आरसीआयची, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेची, नोंदणी नाही. दुसरीनं मनोरुग्णालयात दोन वर्षांचं एम.फिल. केलं, नोंदणी आहे, पीएच.डी. आहे, शोधनिबंध मात्र चारच. व्यवस्थापनाचा ओढा २१ कडे आहे, कारण उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात आकडे लागतात. मुलाखतीत आम्ही नेमकं काय पाहावं?
– एक विभागप्रमुख, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : सर, आधी त्या २१ची हवा काढू. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीतला छाननीचा तक्ता काढून बघा. शोधनिबंधाला प्रत्येकी २ गुण, पण कमाल १०. म्हणजे सहाव्या निबंधापासून पुढचं सगळं तक्त्याच्या हिशेबी शून्य. त्याला १०, तिला ८. एवढाच काय तो फरक. उलट तिच्यावरच तिथं अन्याय होतो. पीएच.डी.ला ३० गुण, एम.फिल.ला ७ पर्यंत, पण दोन्ही मिळून ३०च्या वर जाता येत नाही. वॉर्डात काढलेली दोन वर्षं तक्त्यात दिसतच नाहीत. आणि हा तक्ता फक्त मुलाखतीच्या दारापर्यंत नेतो. त्याच नियमावलीप्रमाणे निवड मुलाखतीवर होते.

निवड समित्यांवर मी बरीच वर्षं बसले. ‘पेपर किती?’ हे सगळे विचारतात, पेपर उघडून कुणी बघत नाही. तुम्ही दोघांकडूनही त्यांच्या मते सर्वांत चांगला एकच निबंध आठवडाभर आधी मागवा, नावं काढलेल्या मूळ डेटाशीटसकट. कॉलेजच्या दोनशे मुलांकडून वर्गातच प्रश्नावल्या भरून घ्यायच्या आणि चिंता व आत्मसन्मानाचा सहसंबंध काढायचा, असल्या निबंधांचा मला कंटाळा आहे, हे उघडच सांगते. ते काम वाईट नसतं, पण त्यात रुग्ण कुठे असतो?

शीट समोर ठेवून विचारा, ‘मध्येच किती जण सोडून गेले?’ उपचारांवरच्या अभ्यासात लोक गळतातच. एका मुलाखतीला आलेल्या मुलीनं लॅपटॉप आमच्याकडे वळवला, तर चौथ्या आठवड्यापासून अर्ध्या ओळी लाल. सोयाबीनची काढणी सुरू झाली आणि बायका सत्रांना यायच्या थांबल्या. तिनं एकेकीला फोन करून शेजारच्या रकान्यात कारण लिहून ठेवलं होतं: मजुरी, सासूचं आजारपण, ‘आता बरं वाटतंय’, ‘नवरा नको म्हणाला’. तिच्या यादीत निबंध तीनच होते. माझ्यापुरता निर्णय तिथंच झाला.

दुसरा प्रश्न पीएचक्यू-९ वरून विचारा. नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची ही प्रश्नावली दोघांनीही वापरलेली असणार. शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. विचारा, ‘संध्याकाळी सहाला फॉर्म परत आला, नवव्या प्रश्नाला “जवळजवळ रोज” यावर खूण आहे. तुम्ही काय कराल?’ ‘टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देईन’ हे अर्धं उत्तर. पुरं उत्तर फॉर्म वाटण्याआधी सुरू होतं. माणूस खोलीबाहेर पडण्यापूर्वी नववा प्रश्न कोण वाचणार, त्याच्याशी लगेच कोण बोलणार, कुठल्या डॉक्टरांकडे न्यायचं, आणि अशा वेळी गोपनीयता मोडावी लागेल हे संमतिपत्रात आधीच लिहिलंय का. ‘फॉर्मवर नाव नव्हतं, त्यामुळे काही करता येत नाही’ असं उत्तर आलं, तर पुढचे प्रश्न विचारायची तसदी घेऊ नका.

आता आरसीआय. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येप्रमाणे आरसीआयनं मान्य केलेल्या पात्रतेशिवाय कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ठरत नाही. पण तुमच्या जाहिरातीत ती अट होती का? नसेल, तर मुलाखतीच्या दिवशी ती घुसडू नका. नोंदणीशिवाय संशोधन होतच नाही असंही नाही. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगथ’ या संस्थेच्या चमूनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावरचे उपचार प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकरवी दिले, ते निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं छापले. मात्र त्यांच्यामागे देखरेख करणारी माणसं होती. तुमच्या विभागात ही देखरेख कोण करणार? माझा कल कुणाकडे आहे हे तुम्ही ओळखलंच असेल, पण २१वाल्यानं नवव्या प्रश्नाचं चोख उत्तर दिलं, तर मला माझं मत बदलावं लागेल.

खरी मेख पुढे आहे. तुमच्याकडे मेडिकल कॉलेज आहे की नाही, हे पत्रात लिहिलेलं नाही. असेल, तर मुलाखतीआधी मानसोपचार विभागाच्या प्रमुखांसोबत चहा घ्या आणि आठवड्यातून दोन सकाळ ओपीडी मिळेल का ते पक्कं करा. नसेल, तर जिल्हा रुग्णालयाशी करार करायच्या मागे लागा. माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी एथिक्स कमिटी किती महिन्यांनी बसते तेही बघा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तिचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा लागतो, आणि त्यांची तारीख मिळता मिळता सहामाही संपते.

सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. आपल्याकडे नव्या माणसावर वर परीक्षा, एनएसएस आणि नॅकच्या फायली लादतात. ओपीडीतल्या केसवर विद्यार्थ्यांना शिकवलेले तास या १६ मध्ये धरणार, आणि पहिली दोन वर्षं समितीचं काम देणार नाही, हे नियुक्तीपत्रातच लिहून घ्या. तोंडी आश्वासनं कुलसचिव बदलले की हवेत जातात. नोंदणी असलेल्या मुलीला पुण्यात प्रॅक्टिस थाटायला कितीसा वेळ लागतो? मग पुढच्या जूनमध्ये तुम्ही पुन्हा जाहिरातीचा मसुदा लिहीत बसाल.