गिटारवादकाचा सोल-जॅझ अल्बम ऐकायचाय, कुठून सुरुवात करू?

डोळे झाकून केनी बरेलचा ‘मिडनाइट ब्लू’ लावा. ब्लू नोट कंपनीचा, जानेवारी १९६३ मध्ये न्यू जर्सीतल्या ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेला.

सोल-जॅझ, म्हणजे ब्लूज आणि चर्चमधल्या गॉस्पेल गाण्यांचा रंग चढलेला जॅझ, म्हटलं की बहुतेकांना हॅमंड ऑर्गन (पट्ट्यांचं विजेवर चालणारं वाद्य) आठवतो. इथे ऑर्गन नाही आणि पियानोही नाही. त्यामुळे गिटारला ऐसपैस जागा मिळते. सोबत स्टॅन्ली टरेंटाइनचा टेनर सॅक्सोफोन, मेजर हॉलीचा बास, बिल इंग्लिशचे ड्रम्स आणि रे बॅरेटोचे काँगा, म्हणजे हाताने वाजवायचे उंच ढोल. हे काँगा नसते तर अल्बम अर्धा सपक झाला असता, असं माझं मत.

पहिलंच ‘चिटलिन्स कॉन कार्ने’ नीट कान देऊन ऐका. साधा बारा बारच्या (तालाच्या छोट्या खंडांच्या) आवर्तनाचा, म्हणजे ट्वेल्व्ह-बार ब्लूज. बरेल एक छोटी सुरावट वाजवतो, थांबतो आणि मग स्वतःच कॉर्डच्या (एकत्र वाजवलेल्या सुरांच्या) दोन तुटक फटक्यांनी तिला उत्तर देतो. सवाल-जवाबच, फक्त एकट्याने केलेला. घाई कुठेच नाही. पुढे ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉननेही ही रचना वाजवली. ‘सोल लमेंट’मध्ये नुसती गिटार आहे, तेही चुकवू नका.

ऑर्गनच हवा असेल तर गिटारवादक ग्रँट ग्रीनचा १९६१ चा ‘ग्रँट्स फर्स्ट स्टँड’ घ्या. त्यात बासवादकच नाही, ते काम बेबी फेस विलेट ऑर्गनवरच उरकतो.