वाचकांचे प्रश्न: अंड्यासारखी बोट आणि बुचाचं जॅकेट

प्रश्न: नमस्कार. माझा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. त्याने जहाजावरच्या लाईफबोटीचा फोटो पाठवला, पूर्ण बंद, नारंगी रंगाची, आणि त्याच रंगाचा एक रबरी ड्रेस घातलेला स्वतःचाही फोटो पाठवला. लाईफबोट म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर वल्ह्यांची उघडी होडी येते. हे असं बंद डब्यात बसायचं कुणाच्या डोक्यातून निघालं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: ताई, फोटो बघून तुमच्या पोटात गोळा आला असेल, पण खरं सांगते, मुलगा त्या बंद बोटीत आणि त्या ड्रेसमध्ये आहे हे बघून निश्चिंत व्हा.

बंद बोटीसाठी जिवावर उदार झालेला माणूस म्हणजे नॉर्वेचा तरुण खलाशी ओले ब्रूडे. उघड्या लाईफबोटीत पाणी भरतं, लाट आली की ती उलटते आणि नाही उलटली तरी आतली माणसं गारठून जातात, म्हणून त्याने पोलादी पत्र्याची चक्क अंड्याच्या आकाराची बोट बनवून घेतली, सुमारे १८ फूट लांब, ८ फूट रुंद, वरून बंद, आत जायला झाकण आणि वर एक छोटं शीड. नाव ठेवलं ‘उरेड’, म्हणजे न भिणारी. लोकांचा विश्वास बसायचा तर करूनच दाखवायला हवं, तेव्हा अमेरिकेत सेंट लुईसला मोठं जागतिक प्रदर्शन चालू होतं आणि चांगल्या लाईफबोटीला बक्षीस आहे असं कळलेलं, मग ऑगस्ट १९०४ मध्ये हा आणि आणखी तिघं ओलेसुंड गावाहून त्या अंड्यात बसून अटलांटिक पार करायला निघाले.

विचार करा, चार माणसं, आत उभं राहायची मारामार, बाहेर उत्तर अटलांटिकचा हिवाळा, आणि अंडंच ते, गोल, त्यामुळे प्रत्येक लाटेवर लोळायचं. पाच महिने लागले. जानेवारी १९०५ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरला पोचले तेव्हा प्रदर्शन १ डिसेंबरलाच संपलं होतं. बक्षीस मिळालं नाही. पण चौघंही जिवंत पोचले, आणि माझ्या मते त्याला हेच तर सिद्ध करायचं होतं.

वाईट याचं वाटतं की एवढं होऊनही जहाज कंपन्या उघड्या होड्याच ठेवत राहिल्या, टायटॅनिकवर १९१२ मध्ये त्याच होत्या, आणि नव्या मालवाहू जहाजांवर पूर्ण बंद लाईफबोट हवी असा आंतरराष्ट्रीय नियम यायला १९८६ उजाडलं. ८० वर्षं! तुमच्या मुलाच्या जहाजावर जी आहे ती याच विचाराची.

आता रबरी ड्रेस. त्याची जुनी आवृत्ती अमेरिकेतल्या क्लार्क मेरिमन यांनी १८७२ च्या सुमारास काढली, रबराची विजार आणि वर सदरा, कमरेला घट्ट पट्टा, आत हवेचे कप्पे, ते नळीने तोंडाने फुगवायचे, फक्त चेहरा उघडा. पॉल बॉयटन नावाच्या माणसाने तो घालून मे १८७५ मध्ये इंग्लिश खाडी पार केली, पाठीवर तरंगत, पाय पुढे, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आणि पायाला बांधलेलं छोटंसं शीड, जवळजवळ २४ तास. पेपरवाल्यांनी तमाशा म्हणून छापलं असेल पण मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते, आतले कपडे कोरडे राहायचे. टायटॅनिकच्या कितीतरी लोकांच्या अंगात लाईफजॅकेट होतं, ते बुडाले नाहीत, थंडीने गेले. तरंगणं वेगळं आणि ऊब टिकणं वेगळं, हे त्या ड्रेसने आधीच दाखवलं होतं.

प्रश्न: आम्ही अलिबागचे. आजी दर पावसाळ्यात १७ जुलै १९४७ ची रामदास बोटीची गोष्ट सांगते आणि मग आम्हाला लाँचमध्ये जॅकेट घालायलाच लावते. हे जॅकेट आधी कशाचं असायचं? (एक वाचक, कॉलेज विद्यार्थी)

उत्तर: आजींना माझा नमस्कार सांग. मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि तिच्यावरची शेकडो माणसं त्या दिवशी गेली, गटारी अमावास्येचा दिवस होता, आजींच्या पिढीला ते विसरणं शक्यच नाही.

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधायचे ना, जॅकेटचं तत्त्व तेच. इंग्लंडच्या लाईफबोट संस्थेच्या कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ मध्ये बुचाच्या पट्ट्या शिवलेलं जॅकेट केलं. बेढब आणि ताठ, पण पट्ट्या वेगवेगळ्या असल्यामुळे वल्हं मारता यायचं. खलाशांना ते आवडेना. मग फेब्रुवारी १८६१ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावाला वादळ झालं, तिथले लाईफबोटवाले दिवसभर एकामागून एक जहाजांवरची माणसं काढत होते आणि शेवटी त्यांचीच बोट उलटली, १३ पैकी १२ जण गेले, वाचला तो हेन्री फ्रीमन, त्याच्या एकट्याच्या अंगात हे नवं जॅकेट होतं. पुढे बुचाऐवजी कापोक आला, सावरीसारख्या झाडाचा हलका कापूस, आणि नंतर फोम.

पण जॅकेट आहे एवढ्यावर थांबू नकोस. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये जनरल स्लोकम ही बोट पेटली, सहलीला निघालेल्या बायका आणि मुलं, हजाराहून जास्त गेले. जॅकेटं होती पण १३ वर्षं तशीच टांगलेली, कापड हातात फाटायचं, आतल्या बुचाचा भुगा झालेला, आयांनी लेकरांना ती बांधून पाण्यात सोडलं आणि लेकरं बुडाली. वजन भरावं म्हणून काहींत लोखंडाचे तुकडे घातल्याचा आरोपही पुढे झाला.

म्हणून लाँचमध्ये चढलास की जॅकेट नुसतं अंगात अडकवू नकोस, शिवण बघ, पट्टा ओढून बघ, बक्कल लागतंय का बघ, आणि आजींचं आधी बघ.