बव्हेरिया की बर्लिन: रत्नागिरीच्या एका प्राध्यापकांना उत्तर

तुम्ही ताई म्हणून हाक मारलीत आणि मी मूळची देवगड तालुक्यातली आहे म्हणून मोकळेपणाने विचारलेत, त्यामुळे तितक्याच मोकळेपणाने लिहिते. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीत महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असताना तुम्हाला जर्मनीत पीएच.डी.साठी दोन ठिकाणांहून होकार आला आहे, एक बव्हेरियात (जर्मनीच्या दक्षिणेकडचे राज्य, जिथे मी राहते), बॅटरीच्या इलेक्ट्रोडसाठी लागणाऱ्या भुकटीच्या वर्तनावर, आणि दुसरा बर्लिनमध्ये, पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकरूप पदार्थांच्या सौरघटांवर. पत्नी समुपदेशक आहेत आणि त्यांना मनोविश्लेषणाचे, म्हणजे दीर्घ संवादातून नेणिवेचा शोध घेणाऱ्या उपचाराचे, प्रशिक्षण घ्यायचे आहे. मुलगा मराठी शाळेत दुसरीत आहे. कोणती जागा घ्यावी, पत्नींना वाव मिळेल का आणि मुलाचे कसे होईल, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा, प्रमाणपत्रांची तपासणी, बँकेत अडकवून ठेवायची रक्कम यांबद्दल दूतावासाच्या पानांवर सगळे आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मात्र माझी झोप उडवली, म्हणून उत्तर लांबणार आहे.

मी स्वतः दाणेदार पदार्थांच्या, म्हणजे वाळू, धान्य, भुकटी यांच्या भौतिकशास्त्रात काम करते, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर माझे मत तटस्थ नाही. ओल्या वाळूवर पाऊल ठेवले की भोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, कारण दाबामुळे कण एकमेकांवरून सरकताना त्यांच्यातली पोकळी वाढते आणि पाणी आत ओढले जाते. याचे स्पष्टीकरण ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ साली दिले. दहा वर्षांनी, १८९५ मध्ये, यान्सेन यांनी दाखवले की धान्याच्या उंच कोठारात तळावरचा दाब एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, कारण दाण्यांचे उरलेले वजन घर्षणामुळे भिंती पेलतात. आमच्या आजीच्या कणगीतही हेच घडत होते. इतक्या साध्या दिसणाऱ्या पदार्थासाठी द्रवासारखे एक सर्वमान्य समीकरण आजही आपल्याकडे नाही, आणि याच गोष्टीने मला या विषयात धरून ठेवले आहे. ऊर्जेशी त्याचा संबंध वरवरचा नाही. इलेक्ट्रोड म्हणजे सक्रिय पदार्थाचे कण, कार्बन आणि त्यांना चिकटवून ठेवणारा बंधक पदार्थ यांचा लगदा धातूच्या पातळ पत्र्यावर पसरून, वाळवून, रुळांखाली दाबलेला थर असतो. त्या दाबण्यात कणांची रचना कशी होते आणि त्यांच्यामध्ये किती पोकळी उरते यावर आयनांची वाट ठरते. जर्मनीतच सूर्याची उष्णता साठवण्यासाठी सुमारे एक मिलिमीटरचे सिरॅमिक कण ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापवण्याचे प्रयोग झाले आहेत. तेथेही मूळ प्रश्न कण कसे वाहतात हाच आहे.

पेरोव्स्काइटची बाजू मी कमी लेखत नाही. २००९ मध्ये जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने ३.८ टक्के कार्यक्षमतेचा घट प्रसिद्ध केला आणि आज प्रयोगशाळेतले घट २६ टक्क्यांच्या पुढे आहेत. बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ संशोधन केंद्राने सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर देऊन २०२२ मध्ये ३२.५ टक्के गाठले होते. तुमच्या मांडवीच्या काळ्या समुद्रावरची रेती आठवा. लाटा हलके कण वाहून नेतात आणि इल्मेनाइट हे जड खनिज मागे उरते; त्यातल्या टायटॅनियमचा ऑक्साइड हाच सुरुवातीच्या पेरोव्स्काइट घटांचा आधार होता. म्हणजे तुमचे दोन्ही विषय घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एकत्र आहेत. या घटांचा मोठा शत्रू दमटपणा आहे. ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता आणि १,००० तास ही पॅनेलची रूढ कसोटी आहे. कोकणातल्या पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत टिकणारा घट ज्याला करायचा आहे, त्याच्यासाठी हा विषय जिव्हाळ्याचा ठरेल.

एक व्यावहारिक फरक मात्र लक्षात घ्या. परतायचा विचार असेल, तर काय सोबत नेता येते याला महत्त्व आहे. कणांच्या सिम्युलेशनची पद्धत, जी कुंडॉल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये मांडली, ती एका चांगल्या संगणकावर रत्नागिरीतही चालते; मुंबईच्या आयआयटीत दाणेदार प्रवाहांवर देवांग खाखर यांच्यासारख्यांनी उत्तम काम केले आहे. पाणी आणि ऑक्सिजन दशलक्षात एका भागाहून कमी ठेवणारा ग्लोव्हबॉक्स, म्हणजे हातमोजे बसवलेली बंद पेटी, मात्र छोट्या महाविद्यालयाला परवडत नाही. आणि इथे राहायचे म्हटले, तर विद्यापीठातील मुदतीच्या नोकऱ्यांचा कायदा पीएच.डी.पूर्वी ६ आणि नंतर ६ वर्षे देतो. मुलांमुळे त्यात काही वाढ मिळू शकते, परंतु त्या मुदतीत कायम पद मिळाले नाही तर बहुतेक जण उद्योगात जातात. होकार कळवण्याआधी दोन्हीकडे कराराची मुदत लेखी विचारा.

कागदपत्रांबद्दल एवढेच सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. मुलाचा जन्मदाखला आत्ताच काढून पाहा. आमच्याकडे बारशाआधी नोंद होते आणि नावाचा रकाना कोरा राहतो. माझ्या मुलीच्या दाखल्यात तो कोराच होता आणि इथे एका टेबलावर ती मुलगी माझीच आहे हे सिद्ध करण्यात माझा एक हिवाळा गेला. एका शिक्क्यावर परदेशी कागदपत्रे मान्य करण्याच्या अपॉस्टिल करारात भारत २००५ पासून आहे, परंतु जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतल्यामुळे माझ्या वेळी त्या शिक्क्याचा इथे उपयोग झाला नाही. दस्तऐवज खरा आहे का, याची वेगळी पडताळणी झाली. मधले नाव म्हणून असलेले वडिलांचे नाव मुलाचे दुसरे नाव म्हणून छापले जाईल. ते पासपोर्टशी जुळते एवढे पाहा आणि पुढे चला.

पत्नींच्या प्रश्नाचे उत्तर कठीण आहे आणि ते मी गोड करणार नाही. जर्मनीत रुग्णांवर मनोविश्लेषण करण्यासाठी सरकारी परवाना लागतो, आणि सप्टेंबर २०२० पासून त्याची मुख्य वाट मानसोपचाराच्या स्वतंत्र पदवी व पदव्युत्तर अभ्यासातून जाते. हे सगळे जर्मन भाषेतच होते. समुपदेशनाची भारतीय पदविका त्याला पुरणार नाही. संशोधनाची वाट वेगळी आहे; बर्लिनमध्ये २००९ साली स्थापन झालेले मनोविश्लेषणाचे एक स्वतंत्र विद्यापीठ आहे आणि तिथल्या अभ्यासक्रमांची त्यांनी चौकशी करावी. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्याशी पत्रांतून मतभेदही नोंदवले, तर यंत्र अभियंता असलेल्या सुधीर कक्कर यांनी फ्रँकफुर्टमध्ये प्रशिक्षण घेतले. पत्नींनी हा इतिहास मनाशी ठेवावा, कारण इथे कोणीतरी त्यांना नक्की सुचवेल की हा विषय आपल्या लोकांचा नाही.

या विषयाशी माझा संबंध संशोधक म्हणून नाही. मी काही वर्षे स्वतः विश्लेषणाला जात होते. इथला सार्वजनिक आरोग्यविमा त्याचा खर्च करतो, जास्तीत जास्त ३०० तासांपर्यंत, आणि त्यासाठी तज्ज्ञाकडे अहवाल जाऊन मंजुरी यावी लागते. मी एकत्र घरात वाढले. मला आजीने आणि काकूने भरवले, न्हाऊ घातले, रागावले. माझ्या विश्लेषक बाई सुरुवातीला फक्त आईबद्दल विचारत राहिल्या, आणि माझ्या बालपणात आईच्या जागी तीन बायका होत्या हे त्यांच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला. तो वेळ गेला नसता तर बरे झाले असते असे मात्र मला वाटत नाही. फ्रॉइड यांनी १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या शोक आणि विषण्णतेवरच्या निबंधात लिहिले आहे की शोक फक्त माणसाचाच होतो असे नाही, मातृभूमी, स्वातंत्र्य, एखादा आदर्श गमावल्याचाही होतो. विषण्णतेत मात्र काय गमावले हेच माणसाला नीट कळत नाही. दर वर्षी मी आईला फोनवर "अजून दोन वर्षे" म्हणत होते. आंब्याची कलमे कराराने दिली, घराची कौले बदलली, दोन वर्षे तशीच पुढे सरकत राहिली. मी गेले आहे असे मी कधीच म्हटले नव्हते, त्यामुळे जे गेले त्याचा शोक करण्याची सोय मी स्वतःला ठेवली नव्हती. कोकणातल्या घरांना चाकरमान्यांची सवय आहे, पण मुंबईचा चाकरमानी गणपतीला घरी येतो. २०२३ मध्ये चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, इथली शाळा १२ तारखेला उघडली होती, आणि शाळा बुडवून मुलांना विमानात बसवणाऱ्या पालकांना बव्हेरियात दंड होतो.

एकटेपणाचे म्हणाल, तर तो येतो आणि कामाला लागले की आटोक्यात राहतो. त्याला घाबरून निर्णय घेऊ नका.

आता मुलगा. बव्हेरियात चौथीच्या वर्षी, मे महिन्याच्या सुरुवातीला, प्रत्येक मुलाच्या हाती एक गुणपत्रक येते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर मूल गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे सरळ नेणाऱ्या शाळेला पात्र ठरते, २.६६ पर्यंत रियालशुले, म्हणजे मधल्या स्तरावरची शाळा. त्यापलीकडे तिसऱ्या प्रकारची शाळा. इथे १ हा सर्वांत चांगला गुण आहे. माझ्या मुलीला गणितात १, परिसर अभ्यासात ३ आणि जर्मनमध्ये ४ होते. सरासरी २.६६. पहिलीपासून इथे नसलेल्या परभाषक मुलांना जर्मन कच्चे असल्याबद्दल सवलतीची तरतूद आहे, पण ती पहिलीच्या पहिल्या दिवशी, जर्मनचा एक शब्दही येत नसताना दाखल झाली होती, म्हणून त्या तरतुदीत बसली नाही. नियमाप्रमाणे सगळे बरोबर झाले. तिच्या बाईंनी आम्हाला घरी जर्मन बोलायला सुचवले, आणि मी त्या वर्गात, त्या छोट्या खुर्चीवर बसून, गणितात वर्गात पहिली असलेल्या मुलीची आजीशी बोलायची भाषा काढून घेण्याचा सल्ला ऐकला. चाचणी-वर्गाची, म्हणजे काही दिवस वर्गात बसवून पुन्हा परीक्षा घेण्याची, आणखी एक वाट होती. दहा वर्षांच्या मुलीने मला सांगितले, "आई, मला पुन्हा तपासून घ्यायचं नाही." मी तिचे ऐकले.

ती आता रियालशुले संपवून पुढच्या तांत्रिक शाळेत आहे आणि तेरावी केली की तिला विद्यापीठही खुले होईल. ती आनंदात आहे, तिच्या मनात त्या गुणपत्रकाला जागा नाही. माझ्या मनातून ते जात नाही. दहाव्या वर्षी मूल कोणत्या दाराने जाईल हे ठरवणारी व्यवस्था मला आजही अन्यायाची वाटते.

तुमचा मुलगा दुसरीतून येईल, म्हणून त्याला ती सवलत लागू होऊ शकते. बव्हेरिया घेणार असाल तर दाखल्याच्या दिवशीच मुख्याध्यापकांना लेखी विचारा. बर्लिन आणि शेजारच्या ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते. गुणांचा हिशेब तिथेही आहे, पण मुलाला भाषेसाठी दोन वर्षे जास्त मिळतात, आणि पत्नींचे विद्यापीठही त्याच शहरात आहे. भौतिकशास्त्रज्ञ म्हणून मला तुम्ही भुकटीकडे यावे असे फार वाटते. तुमच्या जागी असते तर मी बर्लिन घेतले असते. होकार कळवण्याआधी कामाची सुरुवात उन्हाळी सुट्टी संपताना असावी अशी मागणी करा, म्हणजे मुलाला वर्षाच्या मध्यावर वर्गात उतरावे लागणार नाही. आणि तोपर्यंत पत्नींचे जर्मन रत्नागिरीत असतानाच सुरू होऊ दे.