करार संपेपर्यंत सहन करायचं का?

"ताई, अजून पाच महिने काढायचेत. आत्ता घर सोडलं तर डिपॉझिट जाईल. आणि मीच पळून गेले असं होईल ते वेगळंच."

पुण्यात नोकरीसाठी आलेली ही मुलगी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). फ्लॅटमेट तिचं कपाट उचकायची, ऑफिसातल्या लोकांना तिच्याबद्दल नाही नाही ते मेसेज करायची. दोनदा तर ही आंघोळीला गेल्यावर बाहेरून कडी लावून ठेवली. हिची झोप उडालेली. सुटीचा दिवसही ती बाहेरच कुठेतरी काढायची.

घरचे म्हणत होते, "दोघी मुलीच आहात, घ्या जुळवून." हे मी फार ऐकते आणि प्रत्येक वेळी अस्वस्थ होते. भांडी कोणी घासायची यावर जुळवून घेता येतं. कोंडून ठेवणारीशी काय जुळवणार? असं कोंडणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 खाली गुन्हा आहे, हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा रडली. तोवर तिला वाटत होतं, आपणच फार हळव्या आहोत.

मग भाडेकरार मागवला. सही केल्यापासून तिने तो उघडलाच नव्हता. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, त्यात लॉक-इन (म्हणजे ज्याआधी घर सोडायचं नाही अशी मुदत) सहा महिन्यांचं, ते संपलेलं. पुढे फक्त एक महिन्याची लेखी नोटीस. लॉक-इन चालू असतं तरी मी तिला निघच म्हटलं असतं, फक्त मालकाशी पैशांची बोलणी करावी लागली असती.

करारावर दोघींची नावं होती, त्यामुळे नुसतं सामान हलवून भागणार नव्हतं. तिने मालकाला ईमेलने नोटीस दिली आणि आपलं नाव करारातून मोकळं केल्याचं लिहून मागितलं. खोलीचे आणि वीजमीटरचे फोटो काढले, किल्ली दिल्याची पोच घेतली. मेसेजचे स्क्रीनशॉट आणि कोंडल्याच्या तारखाही जपून ठेवल्या. धमकी आलीच तर 112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात) तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण तिथे चालत नाही.

नोटिशीचा महिना तिने मावशीकडे काढला, भाडं मात्र भरलं. मालकाने रंगकामाचे पैसे कापून बाकीचं डिपॉझिट परत दिलं. पोलिसांत जायचं का, हे तिचं अजून ठरलेलं नाही. मीही घाई करत नाही. आम्ही सध्या तिच्या झोपेवर काम करतोय.